मोकळी ठेवलेली जागा

देहूरोड बाजारातून जुन्या मुंबई-पुणे महामार्गानं निगडीकडे निघालं की भक्ती-शक्ती चौक लागतो. तिथं तुकोबा आणि शिवराय यांच्या भेटीचं समूहशिल्प. लोक चौकालाही ‘भक्ती-शक्ती’ म्हणतात, बसथांब्यालाही. शिल्पाचं नाव असं रोजच्या पत्त्यात रुळलं, की ते लोकांचं झालं.

*

शिवरायांनी धाडलेला नजराणा तुकोबांनी परत केला, ही कथा इकडे लहान पोरांनाही ठाऊक. म्हणून माझी नजर आधी त्या दोघांमधल्या अंतरावर जाते. देणारा मोठा, न घेणाराही मोठा. न घेतलेला नजराणा शिल्पात दाखवायचा कसा? तो त्या मोकळ्या जागेतच आहे.

*

जवळच राष्ट्रध्वजाचा 107 मीटर उंच खांब. तो लांबून दिसतो. भेट पाहायला मात्र जवळ जावं लागतं.

*

मुंबईचा काळा घोडा आठवतो. पुढे सातवा एडवर्ड झालेल्या युवराजाचा अश्वारूढ पुतळा 1965 मध्ये हलवला. तो राणीच्या बागेत गेला, नाव जागेलाच चिकटून राहिलं. 2017 मध्ये तिथं नवा घोडा आला. कल्पना अल्फाज मिलर यांची, शिल्प श्रीहरी भोसले यांचं. पाठीवर कुणी नाही. घोडा परतला, राजा नाही. सगळा अर्थ त्या रित्या पाठीत आहे.

*

देहूरोडच्या विहारात बाबासाहेबांनी 25 डिसेंबर 1954 रोजी रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती बसवली. नागपूरची धम्मदीक्षा अजून जवळजवळ दोन वर्षं लांब होती. पंढरपूरचा विठोबा म्हणजे बुद्धच, हे त्यांनी इथल्याच भाषणात मांडलं. पंढरीची वाट याच गावावरून जाते, हे आठवलं की त्या भाषणाला इथली माती लागते.

*

देहूरोडहून लोणावळा लोकल पकडावी, मळवलीला उतरून भाजे लेण्यांकडे चालावं. चैत्यगृह इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं. आत नुसता स्तूप, देहूरोडसारखी बुद्धमूर्ती नाही. त्या काळचे शिल्पकार बुद्ध दाखवत ते पावलांनी, बोधिवृक्षानं, रिकाम्या आसनानं. ‘आजची शिल्पं कळत नाहीत’ म्हणणाऱ्याला मी आधी इथं आणीन. खुणेनं सांगणं आपल्याकडे दोन हजार वर्षं जुनं आहे.

*

ज्येष्ठात तुकोबांची पालखी देहूहून निघते. देहूरोड, निगडी करत आकुर्डीला मुक्कामी पोचते. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी 1685 मध्ये हा सोहळा सुरू केला. पालखीत असतात पादुका. पावलं तेवढी, बाकीचे तुकोबा चालणाऱ्यांनी आणायचे.

*

चौकाचौकांत नवी शिल्पं उभी राहतील, राहावीत. उभारणाऱ्यांकडे एकच मागणं. सगळं तुम्हीच भरून टाकू नका. पादुकांपाशी वाकणाऱ्याला मिळते, तेवढी जागा आमच्यासाठी सोडा.