नातीच्या नावाचा लिंगविचार

हिब्रू भाषेत लिंगनिरपेक्ष नाव, म्हणजे मुलगा आणि मुलगी या दोघांनाही चालणारे नाव, सापडणे अवघड नाही. ते वाक्यात घातल्यानंतर लिंगनिरपेक्ष ठेवणे मात्र जवळजवळ अशक्य आहे. मराठीत 'मी जातो' आणि 'मी जाते' यांवरून बोलणाऱ्याचे लिंग कळते, तसेच हिब्रूतही वर्तमानकाळात पुरुष 'अनी होलेख' म्हणतो आणि स्त्री 'अनी होलेखेत' म्हणते. पण हिब्रू याहूनही एक पाऊल पुढे जाते, कारण तिच्यात समोरच्यासाठी वापरायचे 'तू' हे सर्वनामदेखील पुरुषाकरिता 'अता' आणि स्त्रीकरिता 'अत' असे वेगळे आहे. त्यामुळे पाळण्यातल्या बाळाला नुसती हाक मारून 'तू' म्हटले, तरी त्याचे लिंग उच्चारले गेलेले असते.

दोघांना चालणारी नावे या भाषेत नवी नाहीत. हिब्रू बायबलमध्ये अविया हे यहूदाच्या एका राजाचे नाव आहे आणि हिज्कीया राजाच्या आईचेही. शलोमीत हे नावही तेथे स्त्रिया आणि पुरुष दोघांचे म्हणून येते. मात्र आज इस्राएलमध्ये ज्यांना लिंगनिरपेक्ष म्हणतात, त्यांतली पुष्कळशी नावे निसर्गातून घेतलेली आहेत: ताल म्हणजे दव, गाल म्हणजे लाट, शाखार म्हणजे पहाट, ओर म्हणजे प्रकाश. ही यादी व्याकरणाच्या चष्म्यातून वाचली की एक गोष्ट खटकते. यांतले प्रत्येक नाम बहुतेक वेळा पुल्लिंगीच चालवले जाते, आणि 'आ' किंवा 'ईत' यांसारखा स्त्रीलिंगी प्रत्यय यांपैकी एकालाही नाही. म्हणजे मुलीने मुलाच्या घाटाचे नाव घेतले की ते लिंगनिरपेक्ष ठरते, पण उलट दिशेची वाहतूक विरळ आहे; योना म्हणजे कबुतर आणि सिम्खा म्हणजे आनंद ही स्त्रीलिंगी रूपाची नावे पुरुषांनाही ठेवली जात, पण ती आता जुन्या वळणाची वाटतात. या निरपेक्षतेचा काटा मुळातच एका बाजूला झुकलेला आहे.

प्रस्तुत लेखिकेचे कुटुंब बेने इस्राएल, म्हणजे कोकणात शतकानुशतके राहिलेल्या मराठीभाषक ज्यू समाजातले असून, सध्या अश्दोद येथे स्थायिक आहे. नावांना वळण लावण्याचा या समाजाचा अनुभव जुना आहे. मुंबईतील पहिले सिनेगॉग 1796 मध्ये बांधणारे सॅम्युएल इझिकिएल दिवेकर हे समाजी हसाजी दिवेकर या नावाने ओळखले जात. सॅम्युएलचा समाजी आणि इझिकिएलचा हसाजी करून, मागे गावाचे नाव 'कर' लावून जोडले की बायबलमधला संदेष्टा कोकणातला शेजारी होत असे. अशा घरातल्या लेकीने आपल्या मुलीसाठी 'ऐकून मुलगा की मुलगी ते कळू नये' असे नाव मागितले, तेव्हा वडीलधाऱ्यांना त्यात पाखंड असे काही दिसले नाही. अडचणी आल्या त्या वेगळ्याच.

बाळाच्या वडिलांचे घराणे पोलंडमधून आलेले, म्हणजे अश्केनाझी. त्यांच्याकडे हयात आप्ताचे नाव बाळाला ठेवत नाहीत. परिणामी प्रस्तुत लेखिकेचे नाव पहिल्याच बैठकीत बाद झाले, आणि त्याचे मुळीच वाईट वाटले नाही असे म्हणणे पूर्ण सत्य ठरणार नाही. ओमेर हे नाव सर्वांत आधी सुचले होते. ओमेर म्हणजे धान्याची पेंढी, आणि वल्हांडणाच्या दुसऱ्या दिवसापासून शावुओत या सणापर्यंत जे 49 दिवस मोजले जातात त्यांनाही याच शब्दाने ओळखतात. बाळाचा जन्म त्याच दिवसांतला, पण नावाने जन्मतिथी सांगत फिरावे हे आईला पसंत पडले नाही. अमीत या नावाचा हिब्रू अर्थ सहकारी किंवा सोबती असा सुंदर आहे आणि ते मुलामुलींना सारखेच ठेवतात. ठाण्याच्या नातेवाइकांना मात्र मुलीचे नाव अमित का, हे जन्मभर समजावून सांगावे लागले असते.

शेवटी नोआम ठरले. हिब्रूतील बहुसंख्य शब्द तीन व्यंजनांच्या धातूंपासून बनतात, आणि नून, आयिन, मेम या तीन व्यंजनांच्या धातूत गोडवा, प्रसन्नता असा भाव आहे. त्यातून नोआम हे नाम येते आणि रूथच्या ग्रंथातल्या सासूचे नाव, मराठी बेने इस्राएल घरांतून ऐकू येणारे नाओमी, तेही त्यातूनच येते. बाळाची पणजी नाओमी होती. स्त्रीचे नाव सोलून त्याचा गाभा तेवढा पणतीला द्यावा, या कल्पनेला दोन्ही घराण्यांची संमती मिळाली.

नावाची निरपेक्षता मात्र सिनेगॉगच्या दारापर्यंतच टिकली. तोरा वाचनाच्या वेळी वडिलांना पुढे बोलावून मुलीचे नाव जाहीर करतात, आणि ते 'अमुक बत तमुक' अशा साच्यात सांगावे लागते. 'बत' म्हणजे मुलगी, मुलगा असता तर तेथे 'बेन' आले असते. काही उदारमतवादी मंडळांत 'मिबेत', म्हणजे 'च्या घरातील', असा पर्याय वापरतात, पण अश्दोदच्या त्या सिनेगॉगमध्ये तो सुचवण्याचे धाडस कोणी केले नाही. उलटा प्रकार लसीकरणाच्या पत्रात झाला. नाव पाहून कोणीतरी 'मुझ्मेनेत' या स्त्रीलिंगी रूपाऐवजी 'मुझ्मान' असे पुल्लिंगी रूप घातले, आणि बाळाला मुलगा म्हणून बोलावणे आले. आईने ते पत्र जपून ठेवले आहे. तिच्या मते नावाने आपले काम चोख केले होते.

पाळणाघरात नोआम नावाचा एक मुलगाही निघाला. तेथील बायकांनी दोघांतला गोंधळ टाळण्यासाठी मुलाला नोआमच ठेवले आणि मुलीला लाडाने नोआमी म्हणायला सुरुवात केली. तिच्या पिशवीच्या खुंटीवर ते नाव स्वरचिन्हांवाचून, नून, आयिन, मेम आणि योद या चारच अक्षरांत लिहिलेले आहे, आणि पणजी आपली सही याच चार अक्षरांत करीत असे.