दोन पानांचे पत्रक

लहानपणी आमच्या गावी जत्रेच्या दिवसांत तंबूतला सिनेमा येत असे. ज्या सोबत्यांना पैशाअभावी तंबूत येता येत नसे, त्यांना दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर मी सारी कथा रंगवून सांगे. आपण पाहिलेले दुसऱ्याला सांगावे, ही हौस मला तेव्हापासूनची.

२०१८ साली मी मुख्याध्यापकपदावरून निवृत्त झालो. एके सायंकाळी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. आमच्या तालुक्याच्या गावी तो आणि त्याचे मित्र एक चित्रपट मंडळ चालवीत. तो म्हणाला, "गुरुजी, आमच्या चित्रपटांविषयी आपण दोन पाने लिहून द्याल का? मानधन देता येणार नाही. चहा मात्र मिळेल." मी हसून होकार दिला.

मुलांनो, मोठ्या धनिक संस्थेच्या पाठबळावाचून, स्वतःच्या हिमतीवर कोणी चित्रपट काढतो, तेव्हा त्याला स्वतंत्र चित्रपट म्हणतात. अशा चित्रपटांना जाहिरात परवडत नाही आणि चित्रपटगृहेही सहसा मिळत नाहीत. म्हणून रसिकच एकत्र येऊन मंडळे काढतात. १९४७ साली सत्यजित राय आणि चिदानंद दासगुप्ता यांनी मित्रांसह कलकत्त्यात असे मंडळ स्थापन केले. मुंबईत १९६८ साली प्रभात चित्र मंडळ उभे राहिले. आमचे मंडळ म्हणजे त्यांचेच एक धाकटे भावंड. महिन्यातून एका रविवारी सकाळी गावातले जुने चित्रपटगृह भाड्याने घ्यायचे आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या हाती दारातच माझे पत्रक द्यायचे, असा आमचा क्रम होता.

पहिले पत्रक मी 'पथेर पांचाली'वर लिहिले. नोकरी सांभाळून राय सुटीच्या दिवशी चित्रण करीत. पैसा संपला, तेव्हा त्यांच्या पत्नीचे दागिने गहाण पडले. छायाचित्रण करणाऱ्या सुब्रत मित्र यांनी तोवर चलच्चित्राचा कॅमेरा कधी हाताळलाही नव्हता. तरीही १९५५ साली हा चित्रपट पुरा होऊन जगापुढे आला. माझे पत्रक वाचून लोक एकमेकांशी बोलू लागले. मला धन्यता वाटली, आणि खरे सांगायचे तर थोडा गर्वही झाला.

पत्रक आधी छापावे लागे. म्हणून शुक्रवारी सकाळी रिकाम्या चित्रपटगृहात मला एकट्याला चित्रपट दाखवीत. एकदा आमच्याच जिल्ह्यातील एका तरुणाचा पहिला चित्रपट आला. त्यात एक वृद्ध मेंढपाळ आणि त्याचा लहानगा नातू होता. संवाद थोडे, रोज सांजवेळी म्हातारा मेंढरे मोजी, मध्येच थांबे आणि पुन्हा पहिल्यापासून मोजी. मला कंटाळा आला. शिवाय दुपारी एका लग्नाला जायचे होते. मी अर्ध्यातूनच उठलो आणि रात्री लिहून टाकले, 'चित्रपट फार संथ आहे. दिग्दर्शकाला काय सांगायचे आहे, ते अखेरपर्यंत कळत नाही.'

रविवारी मध्यंतरातच पुष्कळ खुर्च्या रिकाम्या झाल्या. तो तरुण दिग्दर्शक शेवटच्या रांगेत बसला होता. त्याच्या हातात माझे पत्रक होते. त्याची त्याने बारीक घडी घातली होती.

मी निघालो, तोच यंत्रखोलीतले वृद्ध ऑपरेटर जिना उतरून आले. सारे त्यांना काका म्हणत. पूर्वी चित्रपट रिळांवर असे. एक रीळ संपत आले, की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर क्षणभर एक ठिपका उमटे, आणि तो दिसताच दुसरे यंत्र सुरू करावे लागे. डोळा चुकला, तर पडदा पांढरा पडे. त्यामुळे काकांनी आयुष्यात एकही चित्रपट अर्धा सोडला नव्हता.

ते हळूच म्हणाले, "गुरुजी, रागावू नका. आपण 'अखेरपर्यंत' असं लिहिलंय. अखेर मी पाहिली. आपण कुठे पाहिलीत?"

मी खाली मान घातली. उत्तरपत्रिका अर्धी वाचून गुण देऊ नयेत, असे मी तीस वर्षे शिक्षकांना बजावीत आलो होतो. तोच अन्याय आज माझ्या हातून घडला होता.

त्याच रात्री काकांनी माझ्यासाठी तो चित्रपट पुन्हा लावला. या वेळी मी जागचा हललो नाही. शेवटच्या दृश्यात म्हातारा नव्हता. सांज झाली होती. नातू एकटाच मेंढरे मोजीत होता. मोजता मोजता तो मध्येच थांबला आणि आजोबांप्रमाणेच त्याने पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला. पूर्वार्धात मला जे रटाळ वाटले होते, त्याचा अर्थ आता कळला. दिवे लागले, तेव्हा मला चष्मा पुसावा लागला.

पुढच्या महिन्याच्या पत्रकात पहिल्याच ओळीत मी माझी चूक कबूल केली आणि मंडळाला विनंती करून तो चित्रपट पुन्हा दाखविला. गर्दी लोटली असे नाही. पण जे आले, ते शेवटपर्यंत बसले. मी त्या तरुणाची क्षमा मागितली. तो म्हणाला, "गुरुजी, आपण पुन्हा पाहिलात, एवढे मला पुरे आहे."

ज्या कामाचा मोबदला मिळत नाही, त्यात थोडी कसूर चालेल, असे आपल्याला वाटते. पण मला दाम मिळत नव्हता, म्हणून त्या तरुणाची हानी काही उणी झाली नव्हती. कोणाच्या अनेक वर्षांच्या श्रमांवर दोन ओळी लिहायच्या, तर ते श्रम आधी पुरते पाहिले पाहिजेत.

आजही मी पत्रक लिहितो. पडद्यावरचे शेवटचे नाव सरकून जाईपर्यंत खुर्ची सोडीत नाही. आता रिळे गेली, तो ठिपकाही गेला. तरी उठावेसे वाटले, की माझी नजर पडद्याच्या उजव्या कोपऱ्याकडे जाते, आणि मी पुन्हा नीट सावरून बसतो.