काळ्या धुराची उरवडे ट्रिप

वीकेंड, टेम्घर धरणाकडचा रस्ता आणि स्वतःची कॅम्पर व्हॅन. ऐकायला कसं भारी वाटतं ना? प्रत्यक्षात आमच्या मागून येणारे बाइकवाले रुमालाने नाक दाबून आम्हाला शिव्या घालत होते!

आमची गाडी म्हणजे २००४ची ट्रॅव्हलर. म्हणजे कंपनीचं नाव अजून बजाज टेम्पो होतं तेव्हाची (फोर्स मोटर्स हे नाव २००५चं). आत मर्सिडीजच्या परवान्यावर बनलेलं ओएम ६१६ डिझेल इंजिन. तिघांनी पैसे काढून घेतली, मागे गादी टाकली, शेगडी बसवली. पण चढ आला की काळाकुट्ट धूर. पुण्यातल्या एका गॅरेजने ‘इंजिन खोलावं लागेल’ म्हणत ऐंशी हजार सांगितले. तेवढे असते तर आम्ही जुनी गाडी घेतली असती का? त्यात सोमवारी पीयूसी. फेल झालो तर गाडी भंगारात, हे ठरलंच होतं.

भूगाव, भुकूम, मग पिरंगुटचा घाट. डावीकडे वळलं की उरवडे. एका बाजूला कापणीला आलेला भात, दुसऱ्या बाजूला कंपन्यांच्या शेड्स. चहाच्या टपरीपुढे गाडी थांबवली, तर टपरीवाल्या मावशी पदर सावरत रस्त्यावर धावतच आल्या.

“तुमचीच गाडी व्हय? मला वाटलं, परत कुठं आग लागली!”

७ जून २०२१ला इथल्याच एका केमिकल कंपनीत आग लागली होती. डझनाहून जास्त कामगार गेले, त्यात बहुतेक बायका. “काळा धूर दिसला की अजून धस्स होतं बघा,” मावशी म्हणाल्या. आमचे जोक तिथेच थांबले.

मावशींनीच पुढच्या वळणावरच्या काकांकडे पाठवलं. ट्रॅक्टर आणि कंपन्यांचे पिकअप दुरुस्त करणारे काका. त्यांनी आधी पाना उचललाच नाही, प्रश्न विचारले. धूर कधी येतो? चढाला की सुरू करताना? ऑइल कमी होतं का?

“काळा म्हणजे डिझेल जास्त नाहीतर हवा कमी. निळा असता तर ऑइल जळतंय म्हणालो असतो. ताई, स्वस्तातलं आधी बघायचं.”

म्हणून पहिला एअर फिल्टर. मुळशीची सगळी धूळ त्यात! नवा टाकल्यावर धूर कमी झाला, पण गेला नाही. मग खरी गंमत. इंजिन चालू ठेवून, थोडी रेस देऊन काका एकेका नोझलच्या पाइपचा नट फडकं धरून सैल करू लागले. (घरी करू नका. दाबाने उडालेलं डिझेल कातडीत घुसतं.) पहिला सैल केला, इंजिन अडखळलं. म्हणजे तो सिलिंडर काम करतोय. दुसरा, तसंच. तिसरा सैल केला तर इंजिनला काही फरकच नाही, उलट धूर साफ! चौथा पुन्हा नीट.

“सापडला चोर!”

काकांचा पोरगा तो नोझल घेऊन बाइकवरून पिरंगुटच्या पंप-नोझलवाल्याकडे गेला, मागे मी. हातपंपाच्या टेस्टरवर बारीक फवारा यायला हवा, तिथे चक्क धार गळत होती. असं डिझेल नीट जळत नाही, त्याची काजळी होते. नवा नोझल, नवा वॉशर, फिल्टर आणि मजुरी धरून तीन हजारांच्या आत काम.

“कॉम्प्रेशन बरं आहे. इंजिन खोलायचं कशाला?” काका म्हणाले. मला त्यांना मिठीच मारावीशी वाटली.

टेम्घर राहिलंच. अंधार पडायच्या आत परत फिरलो. टपरीपाशी मावशी गाडीच्या मागे बघत उभ्या होत्या. मुद्दाम जरा रेस दिली. काही नाही. त्यांनी हात हलवला आणि कपबशा विसळायला वळल्या.

सोमवारी पीयूसीच्या मशीनवर ४२ हार्ट्रिज युनिट. आमच्या वयाच्या डिझेल गाडीला मर्यादा ६५. पास!

धूर काय सांगतो?
काळा : हवा कमी किंवा डिझेल जास्त. फिल्टर, नोझल, मग पंप.
निळा : ऑइल जळतंय.
पांढरा : थंड इंजिनात न जळलेलं डिझेल. गरम झाल्यावरही राहिला, तर कूलंटचं पाणी तपासा.