हद्द कुठे लागते? फर्दापूरच्या शिवारातला एक दिवस

जळगावकडून अजिंठ्याची लेणी पाहायला निघालेला माणूस घाट चढण्याआधी फर्दापूरला पोहोचतो. छत्रपती संभाजीनगरकडून येणारा अजिंठा गाव मागे टाकून, घाट उतरून इथेच येतो. जवळच्या फाट्याला सगळे टी पॉईंट म्हणतात. तिथे गाडी लावायची, एस.टी.च्या बसने चार किलोमीटरवरच्या लेण्यांना जायचे आणि परत फिरायचे. बहुतेकांच्या लेखी फर्दापूर म्हणजे एवढेच. शाळेच्या सहलीत मीही तेवढेच पाहिले होते. यंदा दिवाळीच्या सुटीत मात्र तिथले शिवार पायाखालून गेले, तेही एका सातबाऱ्यापायी.

मी कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. सुटीत सिल्लोडच्या एका वकीलसाहेबांबरोबर फिरून काम शिकतो. त्यांची कागदांची पिशवी धरायची आणि सांगतील ते टिपून घ्यायचे, हे माझे काम. त्या दिवशी पिशवीत फर्दापूरच्या एका मावशींचे कागद होते. यजमान तीन वर्षांपूर्वी वारले. मुलगा नुकताच बारावी झालेला. रस्त्याला लागून तीस गुंठे रान, त्यात कपाशी. लेण्यांना येणारी माणसे दारावरून जातात, तेव्हा चहा आणि झुणका-भाकरीसाठी चार पत्र्यांची शेड घालावी, असे मावशींच्या मनात होते.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आले. म्हणाले, "इथे लेण्यांचा कायदा लागतो. तुम्हाला वीटसुद्धा ठेवता येणार नाही. उद्या सरकार जमीन घेईल, मग हाती काय राहणार? आत्ताच द्या आणि मोकळ्या व्हा." भाव निम्माच सांगितला होता. इसारपावती तयार करून घरी ठेवून गेले होते. आठ दिवसांत सही करायची होती.

वकीलसाहेबांनी पावती वाचली, घडी घातली आणि म्हणाले, "मावशी, सही करू नका. आधी आम्हाला लेणी पाहून येऊ द्या."

मला नवल वाटले. भांडण शेताचे, मग लेणी कशाला पाहायची?

बसमधून उतरलो. वाघूर नदीने डोंगराला जिथे घोड्याच्या नालासारखा वळसा घातला आहे, तिथे कड्यात तीसेक लेणी कोरलेली आहेत. जुनी लेणी इसवी सनापूर्वीची, नंतरची पाचव्या शतकाच्या सुमाराची. १८१९ साली शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला ती दिसली आणि बाहेरच्या जगाला कळली. १९८३ साली त्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. आतल्या भिंतींवरची चित्रे इतकी नाजूक आहेत, की धूर आणि दमट हवासुद्धा त्यांना सोसत नाही. म्हणून तर आपल्या गाड्या खाली फाट्यावर थांबवतात.

मी चित्रांकडे वळलो, तर साहेब पुरातत्त्व खात्याच्या पाटीपाशी थांबले. म्हणाले, "हे वाच आधी. पोथी इथे आहे."

मग त्यांनी नीट उलगडून सांगितले. प्राचीन स्मारकांचा कायदा १९५८ चा. त्यात २०१० साली मोठी दुरुस्ती झाली. संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत प्रतिबंधित क्षेत्र, तिथे नवे बांधकाम नाही. त्यापुढे दोनशे मीटर विनियमित क्षेत्र, तिथे परवानगी घेऊन बांधता येते. मोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्हीही. आणि हे अंतर लेण्याच्या दारापासून मोजायचे नाही. राजपत्रात संरक्षित म्हणून जाहीर झालेल्या क्षेत्राच्या हद्दीपासून मोजायचे.

मी मनात हिशेब केला. शेत इथून चार किलोमीटर दूर. म्हणालो, "साहेब, मग सुटलो की!"

ते हसले. "त्या गिऱ्हाइकाने न मोजता 'नाही' सांगितले. तू न मोजता 'हो' म्हणतोस. फरक काय राहिला?"

परत आल्यावर उन्हातून बांधाबांधाने शेत फिरलो. एका बाजूला जंगलाचा डोंगर, दुसऱ्या बाजूला रस्ता. तो आता राष्ट्रीय महामार्ग आहे. साहेबांनी मला वहीत चार प्रश्न लिहायला लावले. पहिला, गट नकाशाप्रमाणे आपली हद्द कुठे संपते? त्यासाठी भूमि अभिलेख कचेरीत मोजणीचा अर्ज करावा. दुसरा, वनखात्याची जमीन कुठून सुरू होते? तिसरा, महामार्गाची इमारतरेषा आणि नियंत्रणरेषा शेतात किती आत येते? चौथा, हा गट कोणत्या झोनमध्ये आहे? तो दाखला नगररचना कचेरीत मागावा. अकृषक वापराचे नियम शासन वेळोवेळी बदलते. म्हणून आज कोणता नियम आहे, हे तहसिलीत विचारावे. शेजाऱ्याने पाच वर्षांपूर्वी काय केले, त्यावर जाऊ नये. आणि लेण्यांची हद्द आपल्या गटाला लागते का, हेही पुरातत्त्व खात्याला लेखीच विचारावे.

दुपारी मावशींच्या ओसरीवर ज्वारीची भाकरी, ठेचा आणि पातळ पिठले जेवलो. मावशींनी विचारले, "मग शेड घालू का नको, साहेब?"

"आज घालूही नका, आणि आज विकूही नका," साहेब म्हणाले. "कागद येईपर्यंत थांबा. शेतापैकी बांधायला जागा किती उरते, ते मोजणीनंतर कळेल. कदाचित शेड रस्त्यापासून बरीच आत घ्यावी लागेल. पण जमीन तुमची राहील. जे काही कळेल, ते भीतीने नाही, कागदावरून कळेल."

मावशींनी इसारपावती पेटीतून काढली आणि सही न करताच परत पाठवायला मुलाच्या हाती दिली. मुलाने माझ्या शेजारी बसून मोजणीचा अर्ज लिहिला. त्याचे अक्षर सुरेख होते. मध्येच त्याने विचारले, "दादा, सातबारा वाचायचा कसा?" गट क्रमांक, क्षेत्र, इतर हक्क, फेरफार, एकेका रकान्यावर बोट ठेवून मी दाखवत गेलो. इतर हक्कांच्या रकान्यात गावातल्या सोसायटीचा जुना बोजा निघाला. कर्ज वडिलांनी हयातीतच फेडले होते, बोजा कमी करायचा तेवढा राहिला होता. ते घरात कुणालाच ठाऊक नव्हते. तेही काम वहीत लिहून घेतले.

तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. नाव बदलले, तरी त्यांच्याकडचा कागद तोच आहे आणि तो पाहण्याचा आपला हक्कही तोच. कायदा दाखवून कुणी घाई करू लागले, तर त्याला एवढेच विचारावे: कोणता कायदा, कोणत्या हद्दीपासून, किती मीटर, आणि लेखी कुठे आहे?

संध्याकाळी फाट्यावर एस.टी.ची वाट पाहत उभा होतो. लेणी पाहून परतणाऱ्यांची गर्दी होती. माझ्या डोळ्यांपुढे मात्र मावशींचे तीस गुंठे होते. वेचणीला आलेला कापूस बांधापर्यंत पांढरा झाला होता.