कागदावरचा ठराव आणि कागदाचे तळे

तंत्रज्ञान जात पाहत नाही, असे आपल्याला सर्रास सांगितले जाते. मोबाईल जात पाहत नसेलही. पण मोबाईलवर जे दिसते ते घडवणार कोण आणि नुसते बघणार कोण, हे ठरताना जात हजर असते.

गेल्या वर्षी आमच्या वस्तीतील विहारात मुलांसोबत एक प्रकल्प केला. महाडच्या चवदार तळ्याचे हाताने बनवलेले कागदी मॉडेल, आणि त्यावर मोबाईल धरला की पडद्यावर सत्याग्रहाचा इतिहास उभा राहतो. याला ऑगमेंटेड रिॲलिटी, थोडक्यात एआर म्हणतात. समोरची वस्तू तशीच दिसते, फक्त पडद्यावर तिच्यावर चित्रांचा आणि अक्षरांचा थर चढतो.

काम सुरू होण्याआधीच एका शाळेने सहकार्याचा हात पुढे केला. 'तुमच्या मुलांचा हात चांगला आहे, त्यांनी मॉडेल करावे; डिझाइन आणि कोडिंग आमची मुले करतील.' बोलणाऱ्यांच्या मनात वाईट नसेलही. पण हात एकाचे आणि डोके दुसऱ्याचे, ही वाटणी आपल्याला नवी नाही. जात केवळ कामे वाटत नाही, काम करणाऱ्या माणसांनाच खालीवर लावते, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये दाखवून दिले आहे. मी प्रस्ताव नाकारला. कापणे, चिकटवणे, आखणे आणि कोड लिहिणे, सगळे आमचीच मुले करतील असे ठरले.

खर्च फारसा नाही. जुन्या लग्नपत्रिका, खोक्यांचा पुठ्ठा, मैद्याची खळ. सॉफ्टवेअर माइंड-एआर नावाचे, मोफत. ते ब्राउझरमध्ये चालते, त्यामुळे वेगळे ॲप लागत नाही आणि साध्या अँड्रॉइड फोनवर भागते. त्याला खूण म्हणून एक सपाट चित्र द्यावे लागते. त्या चित्रातील कोपरे आणि गडद-फिकट फरक यांवरून फोन जागा ओळखतो. मुलांनी आधी पाण्याचा निळा कागदच खूण म्हणून दिला, तर फोनला त्यात काहीच सापडेना. एकसारख्या लाटा काढल्या, तरी तो गोंधळला. मग तळ्याभोवतीच्या वाकड्यातिकड्या गल्ल्या आणि कौलारू घरे हाताने रंगवून मॉडेलच्या पुढे चिकटवली, तेव्हा फोनने खूण पकडली. पडद्यावरची माणसेही कागदाचीच आहेत. मुलांनी ती कापली, फोटो काढले, मागचा भाग पुसला आणि तळ्याच्या पायऱ्यांवर उभी केली.

खरा वाद झाला तो काय दाखवायचे यावर. काही ज्येष्ठ कार्यकर्त्यांचे म्हणणे होते की पाण्यातून बाबासाहेबांची तेजस्वी मूर्ती वर यावी, लोक हात जोडतील. त्यांची भावना खरी आहे, तरी मी विरोध केला. राजकारणातील भक्ती हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. चमत्कारच दाखवायचा असेल तर पुराणे काय वाईट होती?

मग मुलांनी सालांची बटणे केली. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात बोले ठराव मंजूर झाला आणि १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केले. हे बटण दाबले की ठरावाचा कागद तळ्यावर तरंगतो, पायऱ्या मात्र रिकाम्या. २० मार्च १९२७ दाबले की बाबासाहेब पुढे आणि हजारो माणसे मागे, पाण्याकडे चालत येतात. पुढच्या बटणांवर सवर्णांचा हल्ला, शेणा-गोमूत्राने केलेले तळ्याचे 'शुद्धीकरण', त्याच वर्षी नगरपालिकेने मागे घेतलेला ठराव आणि २५ डिसेंबरचे मनुस्मृती दहन. शेवटचे बटण १७ मार्च १९३७ चे, उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला तो दिवस. सत्याग्रहाला १० वर्षे पूर्ण व्हायला तेव्हा ३ दिवस कमी होते.

रिकाम्या पायऱ्या पाहून सातवीतल्या एका मुलाने विचारले, 'ठराव झाला होता ना, मग कुणी पाणी का नाही प्यायलं?' मूर्ती वर आली असती तर हा प्रश्न आलाच नसता. आणि हा प्रश्न १९२४ पुरता नाही. ॲट्रॉसिटी कायदा कागदावर आहे, शिष्यवृत्ती कागदावर आहे, आरक्षित जागा कागदावर आहेत. कागदावरचा हक्क आपोआप पाण्यापर्यंत पोहोचत नाही. तो माणसांनी चालत न्यावा लागतो. एवढे त्या पोराला कळले, तर प्रकल्प सार्थकी लागला.

तरुण मित्रांनो, येत्या जयंतीला डीजे आणि फ्लेक्सच्या खर्चातला थोडा वाटा अशा कामाला द्या. चवदार तळेच हवे असे नाही. तुमच्या गावात ज्या विहिरीवर आपल्या आज्यांना दुसऱ्याने पाणी वाढेपर्यंत थांबावे लागे, ती विहीर कागदाची करा. म्हाताऱ्या माणसांकडून हकिकत ऐका, त्यांचा आवाज त्यांना विचारून त्यात घाला. आणि कोड कोण लिहिणार, असे कुणी विचारले तर आपल्याच मुलीला पुढे करा.

जयभीम!