तिसऱ्या भोकातला गंधार

हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत फिटर म्हणून आयुष्य काढलेले आणि निवृत्तीनंतर भजनी मंडळात टाळ धरणारे एक काका, त्यांच्यामुळे मी माउथऑर्गनवर ब्लूज शिकलो. नाव छापलेलं त्यांना रुचणार नाही, म्हणून नुसतं काका.

त्याआधी मी बसवलेली गाणी वाजवायचो. ‘शोले’तली भानू गुप्तांनी वाजवलेली जयची धून तर तोंडपाठ. पण स्वतःचं काही सुचायचं नाही. काकांनी ब्लूजचा माउथऑर्गनवादक लिटल वॉल्टर याचं १९५२चं ‘ज्यूक’ लावलं आणि म्हणाले, “हे पाठ करू नकोस बाळा. हा दम कुठं घेतो, तेवढं बघ.”

मग सी पट्टीच्या दहा भोकांच्या माउथऑर्गनवर त्यांनी जी हा षड्ज धरायला लावला. दोन नंबरच्या भोकात श्वास आत ओढला की सा. तीन नंबरला ओढला की शुद्ध गंधार. जीभ मागे घेऊन तोच उतरवला की कोमल, आणखी उतरवला की रिषभ. भोक एकच, सगळी करामत तोंडातल्या पोकळीची. ब्लूजचा जीव दोन गंधारांच्या मधल्या जागेत आहे आणि तिथं बोट ठेवून दाखवता येत नाही. कित्येक संध्याकाळी त्या एका भोकावर गेल्या. आधी गाऊन दाखव, मगच वाजव, हा त्यांचा नियम. “गळ्यात नाही ते पत्तीत कुठून येणार?”

ब्लूजचं आवर्तन बारा बारचं, चार-चारचे तीन भाग. पहिल्यात म्हणायचं, दुसऱ्यात तेच पुन्हा, तिसऱ्यात उत्तर. हे मला वहीवरून उमगेना, उमगलं ते वारीत. आषाढी वारीत दोन्ही पालख्या हडपसरपर्यंत येतात. पुढे माउली दिवे घाटाने सासवडला, तुकोबा लोणी काळभोरला. पालख्या आल्या त्या दिवशी काकांनी मला हडपसरच्या गाडीतळाजवळ उभं केलं. एकानं चरण म्हणायचा, टाळकऱ्यांनी उचलायचा, आणि मधे क्षणभर नुसता मृदंग. “ती मोकळी जागा ऐकलीस?” त्यांनी विचारलं. ब्लूज ज्यांतून आला, त्या अमेरिकेतल्या काळ्या मजुरांच्या शेतातल्या कामाच्या गाण्यांमध्येही अशीच हाक आणि साद होती.

आज सोलोत एक ओळ वाजवून मी निर्धास्त गप्प राहू शकतो, ते त्यांचं देणं. फेडता येईल असं ते नाही, आणि फेडून मोकळं व्हावं असं मला वाटतही नाही.

कुणाला शिकायचं असेल तर चोवीस भोकांचा ट्रेमोलो घेऊ नका, त्यावर सूर असे वाकत नाहीत. दहा भोकांचा, सी पट्टीचा घ्या आणि तीन नंबरपासून सुरुवात करा.