गुरुवारी पाणी येत नाही

२०१७च्या जूनमध्ये आमच्या वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एक जपानी कुटुंब राहायला आलं. नवरा चाकणच्या एका कारखान्यात, बायको तिशीतली, मुलगा चार वर्षांचा. मी तेव्हा बँकेतून नुकतीच निवृत्त झाले होते. औंधमधल्या त्याच इमारतीत आमचे दोन फ्लॅट. खालच्यात आम्ही दोघं राहतो, वरचा भाड्याने देतो. परदेशी भाडेकरू पहिल्यांदाच येत होता.

कागदांची मला भीती नव्हती, उभा जन्म त्यातच गेला. भाडेकरार कंपनीच्या नावाने झाला, तो नोंदवला. परदेशी माणूस घरात आला की घरमालकाने चोवीस तासांच्या आत 'सी फॉर्म' भरायचा असे. त्यासाठी पहिल्या रात्री अकरा वाजता मी त्यांचे पासपोर्ट समोर ठेवून संगणकावर बसले होते. व्हिसा एकशे ऐंशी दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा, म्हणून चौदा दिवसांत परदेशी नागरिक म्हणून नोंदणीही करायची होती. तीही वेळेत झाली. बँकेत खातं उघडताना मात्र त्यांना तीन फेऱ्या मारायला लावल्या. दर वेळी नवा कागद, आणि तो आधीच्या फेरीत कोणी सांगितलेला नसायचा. मी त्या क्षेत्रातली असून मला ते आवडलं नाही.

कागद झाले की माणूस मार्गी लागला, अशी माझी तेव्हा समजूत होती. त्यामुळे बाकीची व्यवस्थाही मी त्याच झपाट्याने लावून दिली. गाडी आणि ड्रायव्हर कंपनीचा होताच. धुण्याभांड्याला आणि केरफरशीला बाई मी बघून दिल्या, दूधवाला सांगितला, पेपर सांगितला, इस्त्रीवाल्याला घर दाखवलं. दोन आठवड्यांत तिला कशासाठीही घराबाहेर पडावं लागू नये, अशी सोय झाली.

आणि ती पडेनाशी झाली. नवरा सकाळी साडेसहाला निघायचा, रात्री आठनंतर यायचा. तिच्या व्हिसावर नोकरीची परवानगी नव्हती. इथे नोकरीसाठी आलेल्याच्या बायकोला ती नसतेच. पावसाळा सुरू झालेला. मधूनच गाडीत बसून मॉलमध्ये जायचं, पिशव्या घेऊन परत यायचं, एवढंच तिचं पुणं. जिन्यात भेटली की कमरेत वाकून हसायची, आणि मला वाटायचं, चला, बरं चाललंय.

ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी सकाळी ती खाली आली. हातात रिकामी बाटली आणि एक कागद. तिचं इंग्रजी मोडकं, माझंही बँकेपुरतं. थोडा वेळ गेला तेव्हा कळलं की तिच्या नळाला पाणी नव्हतं आणि हातातला कागद विजेच्या बिलाचा होता. घरात आलेलं बिल म्हणून तिला तेवढंच सापडलं होतं. पाणी गेलं, म्हणजे आपण काहीतरी भरायचं राहिलं, आपलं काहीतरी चुकलं, असा तिने अर्थ लावला होता. आदल्या रात्रीच तिचं पाणी गेलं होतं. मुलाला तिने पिण्याच्या पाण्याने पुसून झोपवलं होतं, आणि चूक कबूल करायला सकाळी ती माझ्या दारात उभी होती.

पुण्यात राहणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. दुरुस्तीच्या कामांसाठी महापालिका पाणी बंद ठेवते ते बहुतेक गुरुवारी, आणि शुक्रवारी सकाळी येतं तेही उशिरा आणि कमी दाबाने. त्या आठवड्यात टाकी साफ करायचीही निघाली होती, म्हणून बुधवारी पाणी भरून ठेवा अशी नोटीस लिफ्टशेजारच्या फळ्यावर लावलेली होती. मराठीत. मी त्या नोटिशीसमोरून दिवसातून चार वेळा जात होते. माझ्या घरात बादल्या, पिंप, कळशी, सगळं भरलेलं होतं. दोन बादल्या वर नेऊन दिल्या आणि तिच्या स्वयंपाकघरातल्या ओट्याला टेकून उभी राहिले. मला फार वाईट वाटलं होतं. सरकारला चोवीस तासांत सगळी माहिती दिली, आणि घरात राहणाऱ्या बाईला नळाची वेळ सांगितली नाही.

त्या दिवशी ती पहिल्यांदा मोकळेपणाने बोलली. फोनवर जपानीत लिहायची, त्याचं भाषांतर मला दाखवायची. धुणंभांड्याच्या बाई आल्या की ती मुलाला घेऊन बाल्कनीत जाऊन उभी राहायची. परकी बाई आपली भांडी घासते आहे आणि आपण बसून आहोत, हे तिला सहन होत नव्हतं. नको म्हणावं, तर काकूंनी लावून दिलेल्या. मला ती 'काकू' म्हणत होती, कारण समोरची मुलं म्हणत होती.

मग मी व्यवस्था करणं थांबवलं. बाईंना माझ्याच ओळखीत दुसरं घर बघून दिलं आणि हिला म्हटलं, उद्यापासून भाजीला माझ्याबरोबर यायचं. चालत.

परिहार चौकापर्यंत जायला एरवी मला दहा मिनिटं लागतात. पहिल्या दिवशी आम्हाला पाऊण तास लागला. गाड्या डाव्या बाजूने जातात हे तिच्या देशासारखंच, पण आपल्यासाठी गाडी थांबेल या भरवशावर ती रस्त्याच्या कडेला उभी राहायची, आणि कोणी थांबत नव्हतं. मी तिचा दंड धरून, हात आडवा करून, एका चालीने पलीकडे न्यायला शिकवलं. धावायचं नाही आणि मध्येच थबकायचं नाही. पंधरा दिवसांत ती मुलाला घेऊन एकटी ओलांडायला लागली.

भाजीवालीकडे तिला पहिल्यांदा ओळखीचं काही दिसलं, ते म्हणजे मुळा. त्यांच्याकडे मुळा रोजच्या जेवणात. मग लाल भोपळा, आलं, वांगी. पैसे देताना तिने नोट दोन्ही हातांत धरून, किंचित वाकून पुढे केली. भाजीवाली एरवी तराजूवरून नजर न काढता पैसे घेते. त्या दिवशी तिने हात पदराला पुसले, नोट दोन्ही हातांनी घेतली आणि मुळ्याची एक जुडी वरून टाकली. पुढची अडीच वर्षं ती तिच्याशी तशीच वागली.

तांदळाचा प्रश्न मोठा होता. बासमती त्यांना चालेना. दाणा दाण्याला धरत नाही, चॉपस्टिकने उचलता येत नाही. मी मावळातला इंद्रायणी आणून दिला. आपण त्याचा भात आसट, चिकट होतो म्हणतो, तेच त्यांना हवं होतं. तिने त्याच संध्याकाळी ओल्या हातांना मीठ लावून त्याचे तिकोनी गोळे वळले. आत जपानी आंबट-खारट प्लम घालतात. तिच्याकडचे संपले होते, म्हणून माझ्या बरणीतलं मुरलेलं खारं लिंबू घातलं. छान लागलं. मुलाच्या डब्यात पुढे तेच जायचं.

भाषा शिकवायला मी काही शिक्षिका नाही. नातीसाठी घेतलेला मुळाक्षरांचा तक्ता घरात होता, तो समोर ठेवला. ती बराच वेळ त्यावर बोट फिरवत राहिली आणि मग आपली अक्षरं म्हणायला लागली: आ, इ, उ, ए, ओ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. बोट आमच्या तक्त्यावर, आवाज तिच्या भाषेचा, आणि क्रम जुळत होता. मागाहून वाचून कळलं की हा योगायोग नव्हे. बौद्ध भिक्षूंबरोबर सिद्धम् लिपी आणि संस्कृतचा वर्णक्रम जपानपर्यंत गेला, आणि त्यांच्या अक्षरांची मांडणी त्यावरून झाली. त्यांचा 'हा' एके काळी 'पा' होता, म्हणून तो आपल्या 'प'च्या जागी बसतो. त्यांची वाक्यंही आपल्यासारखीच. आधी कर्ता, शेवटी क्रियापद, आणि विभक्ती नामाच्या मागे. 'मी पुण्यात राहते' हे वाक्य तिला शब्दांची जागा न बदलता म्हणता येत होतं. इंग्रजीत ती अडखळायची, मराठीत कमी. वाक्याच्या शेवटी आपण 'ना' म्हणतो तसं जपानीत 'ने' म्हणतात. ते तर तिला शिकवावंच लागलं नाही.

उपयोगाचे शब्द मात्र तक्त्यात नव्हते. जेवायला बोलावलं की वाढणं थांबवायला 'पुरे' लागतं. दारावर येणाऱ्याला 'नको' लागतं, ते मुलाने आईच्या आधी उचललं. आणि 'उद्या'. प्लंबर 'उद्या दहाला येतो' म्हणाला की ती दहा ते पाच घरात बसायची, मुलाला बागेत न्यायची नाही. त्याची मला लाज वाटायची. शेवटी मी प्लंबरला सांगितलं, निघालास की फोन कर, नाहीतर येऊ नकोस. त्यानंतर तो फोन करू लागला. बोललं की होतं, पण आपण आपल्यासाठी कधी बोलत नाही.

तिची या शहरातली पहिली मैत्रीण मी नव्हे. कचरा न्यायला येणाऱ्या मावशी होत्या. आमच्याकडे 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेतल्या मावशी येतात. २००८ पासून पुण्यात दारोदारचा कचरा या बाया गोळा करतात. ओला वेगळा, सुका वेगळा द्यायचा, आणि सुक्यातलं विकण्याजोगं निवडून भंगारात घालायचं, त्यावरही त्यांची कमाई. पण लोक दुधाच्या पिशव्या तशाच आंबलेल्या टाकतात, प्लास्टिकला भाजी चिकटलेली असते, आणि ते सगळं त्यांना उघड्या हातांनी निवडावं लागतं. जपानमध्ये कचरा वेगळा करण्याचे नियम फार काटेकोर. ही दुधाची पिशवी कापायची, धुवायची, दोरीवर चिमट्याने वाळत घालायची. बाटलीचं झाकण वेगळं, वरचा कागद वेगळा. पुठ्ठे सपाट करून सुतळीने बांधलेले.

मावशींनी पहिल्या दिवशी ती बांधलेली चळत उचलली, उलटून पाहिली आणि मला विचारलं, "ताई, हे टाकायचंय का ठेवायचंय?" त्यानंतर त्या तिच्या दारात पाच मिनिटं थांबू लागल्या. दोघींची भाषा जुळत नव्हती, तरी बोलायच्या. दिवाळीत मावशींनी घरच्या करंज्या आणल्या त्या फक्त तिच्याकडे. मी इथे वीस वर्षं राहते, मला कधी आणल्या नव्हत्या. मी त्या आठवड्यापासून दुधाच्या पिशव्या धुवायला लागले.

सगळंच असं गोड झालं नाही. ती बांगडा मीठ लावून भाजायची. एकदा सोसायटीच्या सभेत एकाने वासाची तक्रार केली आणि परदेशी लोकांना जागा देताना विचार करायला हवा, असं पुढे म्हटलं. दोन-तीन माना डोलल्या. मी मूळची मालवणची. बांगडा मीही भाजते, पण वीस वर्षं खिडक्या लावून, पंखा सोडून, गुपचूप भाजत आले होते. त्या दिवशी उभी राहिले आणि म्हटलं, उपविधींमध्ये कुठे लिहिलंय ते दाखवा, आणि तक्रार लिहायची तर माझंही नाव घाला. कोणी दाखवलं नाही. त्या रविवारी खिडक्या उघड्या ठेवून दोघींनी एकत्र बांगडे भाजले, सोबत माझी सोलकढी. ती वाटीला दोन्ही हात लावून कढी प्यायली आणि स्वतःहून म्हणाली, "छान ना."

२०१९च्या पावसाळ्यात त्याच इमारतीत आणखी एक जपानी कुटुंब आलं. नवी बाई आली त्या दिवशी मी वर गेले, तर ही आधीच तिच्या दारात होती. मुळ्याची भाजीवाली कोण, मावशी किती वाजता येतात, रस्ता कसा ओलांडायचा, हे ती तिला सांगत होती. जपानी मला कळत नाही, पण 'गुरुवार' हा शब्द दोनदा ऐकू आला.

मार्च २०२०च्या मध्यात करोनामुळे कंपन्यांनी कुटुंबांना परत पाठवायला सुरुवात केली. आंतरराष्ट्रीय विमानं बंद व्हायच्या काही दिवस आधी, दोन बॅगा घेऊन, ती आणि मुलगा गेले. घर आवरायलाही वेळ मिळाला नाही. नवऱ्याने पुढे सामान बांधून पाठवलं. मी किल्ली घ्यायला गेले तेव्हा दोरीवर दुधाच्या तीन पिशव्या वाळत होत्या. त्या काढून मावशींना दिल्या.

तुमच्या इमारतीत परदेशातून कोणी राहायला येणार असेल, तर पोलिसांना द्यायची माहिती मुदतीत द्या, ती द्यावीच लागते. पण त्याच दिवशी त्यांना लिफ्टशेजारच्या फळ्यासमोर उभं करा आणि नोटीस वाचून दाखवा. घरातल्या बाईला आधी.